जमिनीला जोडलेला गोळा

सरांनी वही हातात घेतली नाही. अंगणातल्या फरशीवर ठेवायला लावली आणि ओसरीवरून काठीच्या टोकानं पान उलटलं. पान टर्रकन फाटलं.

पाच मिनिटांपूर्वी हेच सर मला वर बोलावत होते. ते निवृत्त प्राध्यापक. मी पुण्याला सायन्सला. स्थिर विजेची गणितं अडली की मी त्यांना सोलापूरला कार्ड टाकायचो, त्यांचं उत्तर यायचं. एका कार्डावर त्यांनी लिहिलं होतं, बुद्धी चांगली आहे, गावी आलास की घरी ये. परीक्षेआधीच्या सुट्टीत मी गेलो. वहीसाठी त्यांनी हात पुढं केला आणि सहज विचारलं, राहतोस कुठं?

खोटं बोलता आलं असतं. गिरणीमागचा महारवाडा, मी म्हणालो. पुढं आलेला हात मागं गेला.

"तिथंच थांब. वही खाली ठेव. मी इथून वाचतो."

आणि मी ठेवली. अजून लाज वाटते. पण फिजिक्समध्ये नापास झालो तर स्कॉलरशिप जाणार, शिक्षण संपणार. म्हणून वाकलो.

धातूचा गोळा, जवळ एक विद्युत्भार. गोळ्यावर एकूण किती भार येईल? सर डोळे बारीक करून वाचत होते.

"शून्य," ते म्हणाले. "एका बाजूला ऋण, तितकाच दुसऱ्या बाजूला धन. एवढंही येत नाही? तुम्हा लोकांना झेपायचं नाही हे."

पुस्तकातलं उत्तर शून्य नव्हतं. मी पानाकडं बघितलं. अगदी तळाशी, माझ्या बारीक अक्षरात एक ओळ होती: गोळा तारेनं जमिनीला जोडला आहे. सगळं गणित त्या ओळीवर; जोडला की जमिनीतून भार येतो, बेरीज शून्य राहत नाही. ओसरीवरून ती दिसणं शक्यच नव्हतं. खरं उत्तर कसं काढायचं ते मलाही येत नव्हतं. पण सर चुकले होते.

पुण्यात कमावलेली भाषा कुठं गेली कोण जाणे, घरची बाहेर आली.

"सर, गोळा जमिनीला जोडलाय. शेवटची ओळ तुमाला दिसली न्हाय. वही हातात घेतली असती तर दिसली असती की."

सरांचा चेहरा लालबुंद झाला. काठी आपटून त्यांनी मला चालतं व्हायला सांगितलं. मी वही उचलली. फाटकापाशी पोचलो तेव्हा मागं फरशीवर पाणी ओतल्याचा आवाज आला.

बाप गिरणीत सूतकताईवर होता. मागावर पगार जास्त, पण तिथं तुटलेला धागा तोंडानं ओढावा लागतो आणि आमच्या उष्ट्याचा बाकीच्यांना विटाळ, म्हणून आमच्या माणसाला माग देत नसत. बापानं ते आयुष्यभर गिळलं. माझी हकीकत त्यानं ऐकून घेतली.

"जा, पाय धर त्येंचं. परीक्षा हाय," तो म्हणाला.

तो भीतीनं बोलत होता. त्याचा राग आला नाही. राग माझाच आला. वही मी माझ्या हातानं खाली ठेवली होती.

"न्हाय," मी म्हणालो. "नापास झालो तर गिरणीत यीन. पर तितं जाणार न्हाय."

गणित घेऊन बसलो. त्या दिवशी सुटलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. परीक्षा जवळ येत होती आणि विचारायला आता कुणी नव्हतं. तरी मनाशी पक्कं झालं होतं. माझ्या वहीचा ज्याला विटाळ होतो, त्याची विद्या मला नको. नापास होईन, पण पुन्हा कुणापुढं वही जमिनीवर ठेवणार नाही.