बाबांना फक्त प्रश्नच शिकायचे होते

मी हायस्कूलला इंग्रजी शिकवते. आठवीच्या मुलांना वाक्यांचे प्रकार समजावताना घसा कोरडा पडतो, तरी वाट्टेल तिथे उद्गारचिन्ह ठोकायची त्यांची खोड जात नाही. त्यामुळे एकदा चहा घेता घेता सासरे म्हणाले, "मला जरा इंग्रजी वाक्यं शिकव," तेव्हा मला बरंच वाटलं.

मी साध्या विधानांपासून सुरुवात केली. त्यांनी हात हलवला. "ती राहू देत. प्रश्न तेवढे शिकव."

"का हो बाबा?"

"लागतात."

इथे माझ्या मनात पाल चुकचुकली. अलिबागचा एक एजंट हल्ली आमच्याकडे वरचेवर येत होता. शेजारची नारळ-सुपारीची वाडी त्यानेच विकून दिली. तिथे आता पोहण्याचा तलाव आहे आणि फाटकाला वर्षभर कुलूप. माझा नवरा नोकरीला मुंबईत. आमच्या वाडीचं शिंपणं, सुपारी सोलून घेणं, पर्यटकांच्या दोन खोल्या, सगळं शाळा सांभाळून मी बघते. सातबारावर नाव मात्र बाबांचं. त्यांनी विकायचं ठरवलं तर मला कोण विचारणार?

तरी शिकवत राहिले. बाबांनी सगळं पटापट उचललं. जन्मभर कोर्टात कारकुनी केलेली, उलटतपासण्या ऐकून कान तयार झालेले. एके दिवशी मी पंप बंद करायला विहिरीकडे गेले, तर बाबा एका सुपारीच्या झाडाला विचारत होते, "हाऊ मच विल यू पे?" मी तशीच मागे फिरले. त्या दिवशी आमटीत मीठ जास्त पडलं आणि मला अजिबात वाईट वाटलं नाही. नवऱ्याला फोन केला, तर "तुला सगळीकडे काळंबेरंच दिसतं," म्हणून त्याने विषय संपवला.

रविवारी एजंट गिऱ्हाईक घेऊन आला. पांढरे बूट, मराठीचा गंध नाही. एजंट मध्ये बोलायला लागला, तसं बाबांनी त्याला थांबवलं. "तुम्ही सरबत घ्या. मी विचारतो."

आणि विचारत सुटले. भाव काय देणार, झाडं ठेवणार का, विहिरीचं पाणी कोण वापरणार. साहेब उत्तरं देत गेला आणि एजंटाचं तोंड उतरत गेलं, कारण आम्हाला सांगितलेला भाव बराच कमी होता. झाडं मात्र सगळी जाणार होती. मी ट्रे धरून दारात उभी होते. तो आपटायचाच काय तो बाकी होता.

शेवटी साहेबाने इंग्रजीतच विचारलं, "मग, देणार का?"

बाबा माझ्याकडे वळले. "सगळं ऐकलंस ना? ह्या एजंटाच्या भरवशावर ठरवायचं नव्हतं मला. आता उत्तर तू दे."

"मी?"

"वाडीत राबतं कोण?"

लग्न होऊन आल्यापासून या घरात मला असं कुणी विचारलं नव्हतं. एवढी इंग्रजीची बाई, पण तोंडून मराठीच निघालं.

"वाडी विकायची नाही."

बाबा एजंटाला म्हणाले, "सांगा त्यांना. मालकीणबाई नाही म्हणतायत."