बिनदातांचे मासे आणि माझा भाचा

मी माशांचे दात बघते, असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. देवपुरातल्या कॉलेजात शिकवता शिकवता मी कित्येक वर्षं तेवढंच केलंय. माझ्या बोटभर माशांना दात जबड्यात नसतात, घशात असतात. मासा एका लाल रंगात बुडवला की जिथे कॅल्शियम बसलंय तेवढंच लाल होतं. दात मोहरीहून बारीक, पण दिसतात.

गेल्या वर्षी टाकीतल्या एका जोडीची काही पिल्लं खवल्यांशिवायच वाढली. रंगवली तर घसा कोरा. मी रंगाला शिव्या दिल्या, नवी बाटली फोडली, पुन्हा तेच. शेवटी जनुकं तपासायला नमुने बाहेर पाठवले.

अहवाल एप्रिल महिन्यातल्या एका दुपारी आला. एकच जनुक बिघडलेलं. ते बिघडलं की दाताची कळीच धरत नाही, मग कॅल्शियम बसणार कशावर? मी जाम खूश! हेच जनुक माणसात बिघडलं तर काय होतं, म्हणून सहज वाचायला घेतलं. दात नसतात किंवा मोजकेच येतात. केस विरळ. आणि घाम येत नाही.

मी ती ओळ पुन्हा वाचली.

नशिराबादला माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा दोन वर्षांचा होता. तोंडात एक दात नाही, डोक्यावर जेमतेम लव. तिने काळजीने विचारलं होतं तेव्हा मी, दातांची मोठी पंडित, काय म्हणाले? "येतील गं उशिरा, म्हातारबुवा आहे तुझा!" आणि अहवाल आला त्याच दिवशी सकाळी तिचा फोन येऊन गेला होता. बाळाला ताप आहे, पण आई सोनगीरहून आलीय, तू काळजी करू नकोस.

मी फोन लावला. "ताई, आईने दोन गोधड्यांत गुंडाळलंय त्याला. पण घामच सुटत नाहीये."

मागून आईचा आवाज आला, "आजून एक टाक आंगवर. घाम निंघी गया म्हंजे ताप उतरी जाई."

"काढ त्या गोधड्या!" मी अशी ओरडले की शेजारच्या वर्गातली मुलं दारात आली. "त्याला घाम येणारच नाही, जन्मात येणार नाही! ओल्या फडक्याने पूस, पंखा लाव आणि पळ दवाखान्यात!"

बहीण वाद घालत बसली नाही, हे नशीब. मी एसटीने जळगावच्या दवाखान्यात पोचले तोवर ताप उतरायला लागला होता. आणखी तासभर गोधडीत राहिला असता तर, एवढंच डॉक्टर म्हणाले. भाचा बोळक्या तोंडाने बिस्किट चघळत होता.

मी बहिणीला समजावायला लागले. हे बिघडलेलं जनुक आईकडून मुलाकडे येतं, बाईला स्वतःला त्याचा फारसा त्रास होत नाही, यात तुझी काही चूक नाही, तुलाही ते आपल्या आईकडूनच आलं असणार. बोलताना मला भानच राहिलं नाही. आई शेजारच्या बाकावर बसून सगळं ऐकत होती.

"तुना आगोदर एक पोऱ्या व्हता मना," ती म्हणाली.

मला माहीत होतं. लहानपणीच तापाने गेला, एवढंच घरात सांगायचे.

"दीड वरीसना व्हयना तरी त्याले बी एक दात नव्हता. वैशाखमा ताप उना. मी त्याले गोधडीमा गुंडाळं व्हतं, दिवसभर." तिने माझा हात धरला. "मंग त्याले मीच मारं का?"

मी आईला पोटाशी धरून नुसती "नाही गं, नाही" म्हणत राहिले, आणि मला खोटं बोलता येत नाही हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.