शाळेसाठी सोडलेला भात

व्रतं करणाऱ्या बाईकडे किस्से आपोआप साठतात. देवाला बोललेलं घरात निस्तरावं लागतं ना! स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. आमच्या शांतेची गावातली चौथी झाली. पुढची शाळा बोर्ली पंचतनला. मामंजी, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "पोरीला एवढं पुरे." त्यांच्यापुढे बोलायची आमच्यात रीत नव्हती. मग मी देवालाच सांगितलं, "शांता शाळेत जाईपर्यंत मी भात खाणार नाही."

पहिल्याच दुपारी भाकरी वाढून घेतली. शांता म्हणाली, "आई, भाकरी कशाची गं?"

तांदळाची! घावन, पोहे, पेज, सगळं तांदळाचंच! कोकणातल्या बाईनं नवस बोलण्याआधी कोठी बघावी.

•

हे मुंबईहून रजेवर आले ते माझ्यासाठी गव्हाचं पीठ घेऊन. "बाबांना स्पष्टच सांगतो," म्हणत ताठ मानेनं ओटीवर गेले. जरा वेळानं परतले.

"काय म्हणाले मामंजी?"

"म्हणाले, यंदा सुपारी बरी धरलीय."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, हो."

•

मामंजी सुनेशी थेट बोलत नसत. काही सुनवायचं असलं की गोठ्यात जाऊन गाईला सांगत. "तांबू, हट्ट बरा नव्हे हो!"

मीही पेंढा टाकत म्हटलं, "तांबू, हट्ट कुणाचा, ते मालकांना विचार!"

तांबू खात राहिली. तिला भात काय नि शाळा काय!

•

श्रावणी सोमवारी आमच्याकडे कहाणी असे. आळीतल्या बायका हातात अक्षता घेऊन बसत. कहाणी चालू असताना उठायचं नाही, बोलायचं नाही. त्या सोमवारी वाचणाऱ्या काकूंचा घसा बसला. मामंजींनीच फर्मावलं, "शांते, तू वाच."

शांतेनं पोथी उघडली आणि खणखणीत आवाजात भलतंच सुरू केलं. "एक आजोबा होते. रोज देवाला फुलं वाहायचे. एके दिवशी देवानं पाठ फिरवली. आजोबा म्हणाले, देवा, माझं काय चुकलं? देव म्हणाला, नातीला शाळेत घाल, मग तोंड दाखवीन."

बायकांनी भक्तिभावानं हात जोडले. पण मामंजींना सगळ्या कहाण्या तोंडपाठ होत्या.

"पुढे?" मामंजी म्हणाले. "आजोबांनी काय केलं?"

शांतेनं पोथी मिटली. "ते यात लिहिलेलं नाही, आजोबा."

मामंजी उठले. मूठभर अक्षता देवावर टाकायच्या, त्या त्यांनी शांतेच्या डोक्यावर टाकल्या. त्याच आठवड्यात शांता बोर्लीच्या शाळेत गेली आणि माझ्या पानात भात आला.

बायांनो, तुम्हीही श्रावणात पोथी एकदा पोरीच्या हाती द्या. आणि ती वाचत असताना मध्ये बोलू नका!