ओंबी आणि कान

चुकायची मला सवय नाही. अकोल्याच्या कॉलेजात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण 'बहुधा' हा शब्द कधी तोंडातून निघाला नाही.

जुन्या इंग्रजी शब्दांचा तास तर माझा हुकमी. 'इअर' म्हणजे कान आणि 'इअर' म्हणजे गव्हाची ओंबीसुद्धा. मी ठासून सांगायचो, दोन्ही एकच शब्द. डोक्याला कान, तशी काडीला ओंबी. पोरं मुकाट्यानं लिहून घ्यायची.

एका वर्षी मोर्शीकडची एक मुलगी उठली. "सर, ओंबी हातात घेतली त टोचते. कान कुठी टोचते?"

"इंग्रजी मी शिकवून राहिलो का तू?" मी म्हणालो. वर्ग खो खो हसला. ती खाली बसली आणि वर्षभर तिनं पुन्हा हात वर केला नाही. मला त्याचं काहीच वाटलं नाही.

निवृत्तीनंतर, मागच्या हिवाळ्यात, भलताच शब्द शोधताना जाड कोशात 'इअर' समोर आला. कानाचा शब्द वेगळा, ओंबीचा वेगळा. हजार वर्षांपूर्वी उच्चारही थोडे निराळे होते, पुढे झिजून सारखे झाले. आणि ओंबीच्या शब्दाचं मूळ काय, तर टोकदार, अणकुचीदार. तिच्या बोटांना कळलं होतं तेच. कोश मिटला. मला माझी लाज वाटली.

ती आता धारणीकडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते, असं कळलं. फोनवर उरकता आलं असतं. पण मी चूकही रुबाबात कबूल करणारा माणूस. कोश बगलेत मारून बस धरली. घाटात हाडं खिळखिळी झाली.

शाळेच्या व्हरांड्यात तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सर, हासला त सारा वर्ग होता. मले एकटीले सांगून काय होते?" आणि मला तिच्या वर्गात घेऊन गेली.

फळ्यावर मी 'इअर' दोनदा लिहिला, दोन्ही मुळं सांगितली. मग म्हणालो, "हे मी वर्षानुवर्षं चुकीचं शिकवलं. तुमच्या मॅडमनी भरवर्गात बरोबर प्रश्न विचारला होता, आणि मी त्यांना गप्प बसवलं."

कोणी हसलं नाही. मी खडू खाली ठेवला.

तेवढ्यात शेवटच्या बाकाजवळ उभ्या असलेल्या मॅडमनी हात वर केला. "सर," त्या म्हणाल्या, "मले एक इचारायचं हाये."