एकशे चारावा खेळाडू

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंचे. आमचं गाव तालुक्याचं. वडील बाजार समितीत हमाल, आणि घरात छापील कागद म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. आज कोलकात्यात एका सरकारी कार्यालयात पुलांची तपासणी करतो, त्याची सुरुवात बाईंच्या पत्र्याच्या पेटीत झाली.

दर शनिवारी बाई ती पेटी उघडत. आम्ही चाळीस मुलं हजेरीच्या क्रमाने एकेक पुस्तक उचलायचो. दुसऱ्या फेरीत क्रम उलटा, शेवटचा आधी. माझा नंबर छत्तीस, म्हणून माझं दुसरं पुस्तक पंचेचाळिसाव्या खेपेला. मला हवं असायचं ते एकच, पुलांच्या चित्रांचं जाड पुस्तक. कोणतं पुस्तक कितव्या खेपेला जातं ते मी वहीच्या मागच्या पानावर लिहू लागलो. लक्षात आलं, की पुलांचं पुस्तक पन्नासच्या आत सहसा कुणी घेत नाही. मग मी आधी गोष्टींचं पुस्तक घ्यायचो आणि उलट्या फेरीत पूल. बाईंना वही दाखवली. त्यांनी ती उभ्याउभ्या वाचली आणि पुढच्या आठवड्यात वर्गाला सरासरी शिकवली ती माझ्या आकड्यांवरून.

एकदाच गणित फसलं. माझी नजर कुठे आहे हे पाहून पुढच्या बाकावरच्या मुलाने पूल उचलले. त्या दिवशी मी डबा उघडला नाही. पुढच्या शनिवारी पुस्तक परत आलं तेव्हा त्यावर बिननावाचं खाकी कव्हर होतं. जाडीवरून मी ते ओळखलं. नंतर दोन वर्षं दुसऱ्या कुणी त्याला हात लावला नाही. माझी सरासरी पुन्हा जुळली, याचाच मला आनंद.

कोलकात्याला बदली झाली तेव्हा फुटबॉलमधलं मला काहीच कळत नव्हतं. इथे सोमवारी सकाळी फायलीआधी रविवारचा सामना उघडतो. शिवाय आमच्या कार्यालयात एक खेळ चालतो. इंग्लंडमधल्या लीगचे खरे खेळाडू आपल्या कागदावरच्या संघात घ्यायचे. ते मैदानात जसे खेळतील तसे आपल्याला गुण. एकाने घेतलेला खेळाडू दुसऱ्याला मिळत नाही, म्हणून हंगामाआधी सगळे एकत्र बसून आळीपाळीने निवड करतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. आठ संघ, प्रत्येकी पंधरा खेळाडू, आणि दर फेरीला क्रम उलटा. हे ऐकलं तेव्हा मला थेट बाईंची पेटी आठवली.

आठही संघ आधीच ठरलेले होते. मला आत घेतलं ते आमच्या विभागातल्या सर्वांत ज्येष्ठ सहकाऱ्यांनी. सगळे त्यांना दादा म्हणतात. राहायला बागबाजारात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं होतं, की त्यांच्या पूर्वजांनी मराठ्यांना अडवायला तिथून खंदक खणायला घेतला आणि तो अर्ध्यावर सोडला, त्यामुळेच मी आत येऊ शकलो. आता म्हणाले, "भाया, माझ्या संघात बस. आठ वर्षं मी शेवटचा आहे. दोघं मिळून याहून खाली जाता येणार नाही."

ते शेवटचे का असतात हे मला लवकरच कळलं. ते मनाने निवडायचे. यंदा त्यांना पहिल्याच फेरीत एक म्हातारा मधल्या फळीतला खेळाडू घ्यायचा होता. म्हातारा म्हणजे अडतीस वर्षांचा, पण त्या खेळात तेवढं पुष्कळ. मे महिन्यात तो निवृत्त होणार होता, आणि दादाही मे अखेरीसच. बाकी संघ कसाही असो, या शेवटच्या हंगामात तो माणूस आपल्याकडे हवा, एवढंच त्यांचं म्हणणं.

मी रीतसर अभ्यास केला. एका संकेतस्थळावर प्रत्येक खेळाडूपुढे सरासरी क्रमांक दिलेला असतो: जगभरातल्या असंख्य ड्राफ्टमध्ये तो साधारण कितवा उचलला गेला. खेळाडू किती चांगला हे त्या आकड्यातून कळतंच असं नाही. त्याच्यासाठी किती वेळ थांबता येईल, हे मात्र कळतं, आणि उपयोग नेमका तिथेच आहे. दादांच्या खेळाडूचा क्रमांक होता एकशे चार, म्हणजे तेरावी फेरी. मी म्हटलं, दादा, सावधगिरी म्हणून दहाव्या फेरीत घेऊ. पहिल्या फेरीत गोल करणारा घेऊ. त्यांनी त्या नावाखाली रेघ ओढली. मग म्हणाले, "तू शिकलेला माणूस आहेस. तू म्हणशील तसं."

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी कार्यालय सुटल्यावर कॅन्टीनमध्ये सगळे जमले. भिंतीवर मोठा तक्ता. मी छापलेली यादी बाहेर काढताच ड्रॉइंग विभागातली आमची तरुण सहकारी म्हणाली, "बर्गी आले, कागद घेऊन आले!" मराठी घोडेस्वारांना इथे बर्गी म्हणत, बंगाली आया त्यांचं नाव सांगून अजून मुलांना झोपवतात.

सुरुवातीला यादीने कमाल केली. पाचव्या क्रमांकाला आम्हाला उत्तम गोल करणारा मिळाला. तीन वेळा मी दादांना थांबवलं आणि तिन्ही वेळा हवा तो खेळाडू पुढच्या फेरीत हजर. लोक वळून आमच्या टेबलाकडे पाहू लागले. दादा सगळ्यांना सांगत होते, हा माझा इंजिनियर.

सातव्या फेरीत त्या तरुण सहकारिणीने चहाचा कप खाली ठेवला, दादांकडे पाहून गोड हसली आणि त्यांच्या खेळाडूचं नाव घेतलं.

सगळं कॅन्टीन हसलं. तिने ते चिडवायलाच केलं होतं; दादा त्याला घेणार हे तिथे चहावाल्यालाही ठाऊक होतं. दादाही हसले, पण त्यानंतर कुणाला घ्यायचं हे त्यांनी एकदाही सांगितलं नाही. निघताना मी माफी मागितली. त्यांनी खांद्यावर हात ठेवला.

"तुझी यादी बरोबर होती, भाया. ती करणारे लोक मला ओळखत नव्हते, इतकंच."

नियमानुसार पहिल्या आठवड्यात एक अदलाबदल करता येते. सोमवारी मी दादांना न विचारता ड्रॉइंग विभागात गेलो आणि त्या खेळाडूच्या बदल्यात आमचा गोल करणारा देऊ केला. पाचवा देऊन एकशे चारावा मागत होतो.

ती म्हणाली, "बर्गीदादा, यादी काय म्हणते?"

"यादी म्हणते, मी मूर्ख आहे."

तिने क्षणभरही विचार केला नाही. हो म्हणाली. दादांना कळलं तेव्हा त्यांनी मला सगळ्यांसमोर वेडा ठरवलं, खुर्चीवर चढले आणि तक्त्यावर आमच्या रकान्यात ते नाव स्वतःच्या हाताने, बंगालीत, लिहिलं. खाली उतरायला मात्र त्यांना माझा हात लागला.

हंगाम संपल्यावर, जूनच्या पहिल्या आठवड्यात, मी बाईंना पत्र लिहिलं. ते असं:

आदरणीय बाई,

शिरसाष्टांग नमस्कार. आपण सरासरी शिकवल्याला आता तीस वर्षं होऊन गेली. यंदा ती एका खेळात वापरली. कोणासाठी किती थांबावं हे ती अगदी चांगलं सांगते. पण ती दूरच्या पुष्कळ माणसांची असते, आणि आपण बसलेलो असतो ओळखीच्या आठ माणसांत. हे मला इतक्या उशिरा कळलं.

माझ्या एका दादांना हवा असलेला खेळाडू माझ्या यादीमुळे हुकला. तो परत मिळवायला मी आमचा सर्वांत चांगला खेळाडू दिला. ज्या मुलीला दिला ती पहिली आली, आम्ही सातवे. तरी दादा खूश होते, कारण नऊ वर्षांत ते पहिल्यांदाच शेवटचे नव्हते. शेवटच्या सामन्यात आमचा म्हातारा अकरा मिनिटांसाठी मैदानात उतरला. आम्हाला एक गुण मिळाला. दादांनी त्या एका गुणासाठी सगळ्या कार्यालयाला आमसंदेश, म्हणजे इथली आंब्याची मिठाई, वाटले आणि त्याच आठवड्यात निवृत्त झाले.

ते तक्त्यावर नाव लिहीत होते तेव्हा मला पुलांचं पुस्तक आठवलं. मी इतकी वर्षं समजत होतो, की ते माझ्यासाठी शेवटपर्यंत राहायचं ते माझ्या आकड्यांमुळे. त्यावर खाकी कव्हर कुणी घातलं, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. पेटीतल्या दुसऱ्या एकाही पुस्तकाला कव्हर नव्हतं, बाई.

मागच्या महिन्यात नदीवरच्या एका जुन्या पुलाचं काम तपासून आलो. त्याचा फोटो सोबत ठेवला आहे.

आपला,
हजेरी क्रमांक छत्तीस