सगळ्यांमध्ये कमलावहिनी

कमलावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, लहानूदादाची बायको. सिंदी रेल्वे या गावात आमची दोन घरं एकाच आवारात आहेत, मध्ये फक्त कपडे वाळवायची तार. या बाईला पहिल्या पंगतीत बसलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. विहारातला कार्यक्रम असो की घरचं लग्न, "सगळे जेवले का?" असं ओरडत ती भाजीची बादली घेऊन फिरणार, आणि त्या सगळ्यांत स्वतःला कधीच धरणार नाही. मी चिडायचो. "आधी जेवून घ्या ना वहिनी!" तर म्हणायची, "वाढणारीच बसली तं पंगतीले वाढन कोन, भाऊजी?"

दादा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, पण गाव त्याला ओळखायचं ते गळ्यासाठी. भीमगीत गायला उभा राहिला की मंडपाबाहेर रेंगाळणारी माणसं आत येऊन बसायची. निवृत्त झाल्यावर पोरानं घरी कॉम्प्युटर आणून दिला आणि हा गडी त्यावर आपली गाणी रेकॉर्ड करू लागला. वहिनी बटण दाबायची, तो गायचा. कॉम्प्युटरवर त्याच्या नावाचं वेगळं खातं होतं. त्याचा पासवर्ड टाकताना तो एकेक अक्षर एवढ्या मोठ्यानं म्हणायचा की माझ्या अंगणातल्या कोंबड्यांनाही पाठ झाला असेल. मी त्या यंत्राला 'डबडं' म्हणायचो आणि दादा हसायचा.

मागच्या वर्षी दादा गेला. गाणी तेवढी राहिली, एका फोल्डरमध्ये. सून दीपमाला सेवाग्रामला दवाखान्यात परिचारिका आहे. तिनं वहिनीला कॉम्प्युटरवर स्वतःचं खातं काढून दिलं आणि ते फोल्डर घरच्या वायफायवर सगळ्यांना खुलं केलं, म्हणजे तिला आपल्या लॅपटॉपवरही सासऱ्यांचा आवाज ऐकता येईल. खुलं म्हणजे अगदी सताड खुलं. कुणीही ऐकावं, कुणीही बदलावं, कुणीही पुसावं. नक्कल काढून ठेवावी हे मात्र एकाही शहाण्याला सुचलं नाही.

दिवाळीत दीपमालाची बहीण वर्षाली राहायला आली. दीपमालाच्या लॅपटॉपमधली जागा भरली म्हणून तिनं त्यातलं एक गाणं पुसलं. तिला वाटलं, ही इथली नक्कल असेल. ते मूळ गाणंच होतं, आणि दुसऱ्या यंत्रावरून पुसलेलं कॉम्प्युटरच्या कचऱ्याच्या डब्यातसुद्धा जाऊन पडत नाही. गेलं ते गेलं. वर्षाली रडली. वहिनीनं तिला चहा करून दिला. पण दुसऱ्या दिवशी सुनेला म्हणाली, "हे परवानग्याइचं काय हाय, ते मले शिकव बाई."

दीपमालानं नीट समजावलं. बाहेरच्या यंत्रावरून येणाऱ्याला दोन ठिकाणी अडवता येतं, आधी अंगणाच्या फाटकावर, मग खोलीच्या दारावर. फाटक म्हणजे शेअरची परवानगी, दार म्हणजे खुद्द फोल्डरची. दोन्हींत जी जास्त कडक, ती चालते. आणि जो याच कॉम्प्युटरवर बसलाय, त्याला फाटक लागतच नाही, थेट दार. वहिनी मन लावून ऐकत होती. मी पलीकडे पेपर वाचायचं सोंग करून ऐकत होतो.

दादाच्या पहिल्या स्मृतिदिनाला दुपारी पुण्यानुमोदन होतं, मग भोजनदान, आणि जेवताना दादाचीच गाणी लावायची असं ठरलं होतं. पाहुण्यांची पोरंसोरं येणार, कुणाचा हात लागेल, या धास्तीनं वहिनी सकाळीच कॉम्प्युटरसमोर बसली. खोलीच्या दाराशी, म्हणजे फोल्डरच्या परवानग्यांवर गेली, यादीत 'सगळे' निवडलं आणि त्यापुढे 'मनाई' अशी खूण केली. मग गाणं लावून पाहिलं.

"भाऊजी! धावत या जी!"

मी गेलो. पडद्यावर एकच वाक्य होतं, तुम्हाला परवानगी नाही. वहिनीचा चेहरा पांढराफटक. "म्या त सगळ्याइले बंद केलं. मले काऊन अडवून राह्यलं हे?"

दीपमाला आली, तिनं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "आई, सगळ्यांत तुम्ही पण येता ना! आता ही मनाई तुम्हालाच उठवता येत नाही."

वहिनीला हे खरंच सुचलं नव्हतं. कसं सुचणार? जन्मभर 'सगळे' म्हणजे समोर बसलेले, आणि आपण बादली घेऊन उभ्या.

"एक उपाय हाय," दीपमाला म्हणाली. "या फोल्डरचे मालक म्हणून अजून बाबांचं नाव हाय. ते काढून माझं टाकते, मग उघडता येईन."

"त्याइचं नाव काढतं?" वहिनी एवढंच बोलली. पण अशा आवाजात, की दीपमालानं माऊसवरून हात उचलला.

मग वहिनीनंच विचारलं, "मालकालेही बंद केलं का वं म्या?"

दीपमालाला खात्री नव्हती. वहिनीनं दादाचं खातं उघडलं. पासवर्ड टाकताना तिचे ओठ हलत होते, दादासारखेच, फक्त आवाज नव्हता. फोल्डरवर क्लिक केलं. परवानगी नाही. दीपमाला तरीही परवानग्यांच्या पानावर गेली, 'सगळे' पुढची मनाई काढली आणि ओके दाबलं. यंत्रानं मुकाट्यानं ऐकलं. फोल्डर उघडलं.

मी खुर्चीचा हात धरून उभा होतो. मालकाला आत जायला मनाई झाली, तरी ती मनाई उठवायचा त्याचा हक्क कायम राहतो, असं दीपमाला सांगत होती. वर्ष झालं माणूस जाऊन, आणि त्या डबड्यानं अजून त्याचा शब्द मानला होता! माझे हात जोडले गेले. खोटं कशाला सांगू, यंत्रापुढे जोडले गेले.

सगळ्यांना फक्त ऐकायची परवानगी ठेवली. "आई, तुमचं काय ठेवू?" दीपमालानं विचारलं. "मी सगळ्याइत येतो ना? मंग मले बी आयकाचंच," वहिनी म्हणाली. नक्कलही काढली, पेनड्राइव्हवर.

दुपारी पंगत बसली. मी ओरडलो, "सगळे बसले का?" वहिनीनं हातातली बादली माझ्या हातात दिली आणि पहिल्या ओळीत, दीपमालाशेजारी, मांडी घालून बसली. मी वाढायला लागलो.

दीपमालाच्या पोरीनं गाणं लावलं. प्रत्येक गाण्याआधी दादा विचारायचा, तेही त्यात आलं होतं. भोंग्यातून सगळ्या मंडपाला ऐकू आलं, "चालू झालं का वं, कमल?"

वहिनीनं उचललेला घास तसाच धरला.

"झालं जी," ती म्हणाली. आणि दादा गाऊ लागला.