सरांचा पेपर चालू आहे

दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसणाऱ्या त्या बाईचं डोकं दिवसभर नुसतं भणभणत असायचं. नाव सांगा, वय सांगा, काय होतंय, पुढचा! संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की चप्पल काढायच्या आधीच सासूबाईंची हाक, "आलीस का गं? पाय नुसते ठणकतायत." मग पाय चेपणं, स्वयंपाक, धुणं, मुलीचं गणित. खोटं कशाला बोला, यातलं निम्मं पूर्वी नवरा करायचा. पण गेल्या वर्षापासून सरांचा पेपर चालू होता.

सर म्हणजे तिचा नवराच. कॉलेजात शिकवायचे म्हणून गल्लीभर सर. त्यांची बढती एका शोधनिबंधावर अडली होती. विषय, ‘कामगारांची विश्रांती’. कॉलेज सुटलं की सर थेट ग्रंथालयात, ते बंद होईपर्यंत. घरी नळ गळतोय? पेपर चालू आहे. मुलीच्या शाळेत पालकांना बोलावलंय? पेपर चालू आहे. सासूबाई तर आल्यागेल्याला बजावायच्या, "त्याला काही सांगू नका हं, पेपर चालू आहे." बाई मनात म्हणायची, होऊ दे बाबा एकदाचा. तो छापून आला की मी आठवडाभर नुसती झोपणार. त्या आशेवरच ती दिवस ढकलत होती.

"कुठवर आलं?" ती जेवताना विचारायची.

"सगळं जमलंय गं. मूळ संदर्भ तेवढा सापडत नाही."

सर कसे ताजेतवाने दिसायचे! अभ्यास मानवला हो माणसाला, असं तिला वाटायचं.

एका शनिवारी ती लवकर घरी आली. टेबलाचा खण आवरताना अगदी मागे सरांचा वाचायचा चष्मा सापडला. त्याच्याशिवाय त्यांना औषधाच्या बाटलीवरचं नावसुद्धा दिसत नसे. बिचारे तिथे डोळे फोडत बसले असतील! सासूबाईंना "आलेच" म्हणत ती चष्मा घेऊन तशीच ग्रंथालयाकडे निघाली. काचांवर धूळ चढली होती, ते वाटेत तिच्या लक्षात आलं.

वाचनकक्षाच्या दारात पुस्तकं काढून देणारा शिपाई बसला होता. तिनं नवऱ्याची चौकशी केली. "सर होय? ते काय, खिडकीपाशी," तो कुजबुजला. "हळू जा हं वहिनी, आत्ताच डोळा लागलाय."

सर एका जाडजूड ग्रंथावर गाल टेकून गाढ झोपले होते.

"रोज?" तिनं विचारलं.

"सुरुवातीला लिहायचे हो. खंड काढून काढून मी दमायचो. मग कॉलेजचे तास वाढले त्यांचे, आणि एक दिवस डोळा लागला तो लागलाच. आता रोज एकच खंड मागतात. उंचीला बरा पडतो."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभर आपण मरमर मरायचं आणि यांनी इथे पंख्याखाली घोरायचं! पण भिंतीवर ‘शांतता राखा’ची पाटी, आजूबाजूला माना खाली घातलेली माणसं. काय काय बोलायचं ते आधी नीट ठरवावं म्हणून ती शेजारच्या खुर्चीत बसली. पाठ टेकली. वारा लागत होता. कुणी हाक मारत नव्हतं, कुणाचं काही ठणकत नव्हतं. नुसतं टेबलावर डोकं ठेवून पाहू, म्हणून तिनं डोकं ठेवलं.

"अगं, तू इथे?" सर तिला हलवत होते. बंद व्हायची घंटा वाजत होती. तिच्या हातातला चष्मा पाहून त्यांचा चेहरा उतरला. "खरं सांगतो, दिवसभर शिकवून आलो की अक्षरं पोहायला लागतात गं. घरी सांगायला तोंड नव्हतं." त्यांचे डोळे भरून आले.

ठरवलेलं सगळं बोलणं झोपेत कुठल्या कुठे गेलं होतं. तिनं पदरानं काचा पुसून चष्मा त्यांच्या हातात ठेवला.

"सोमवारपासून एक दिवस तुम्ही इथे, एक दिवस मी. तुमच्या दिवशी चष्मा लावून वाचा नाहीतर झोपा. माझ्या दिवशी आईंचे पाय, धुणं आणि गणित तुमच्याकडे."

"आणि आईला काय सांगू, तू कुठे गेलीस म्हणून?"

"सांगा," बाई जांभई देत उठली, "हिचा पेपर चालू आहे."